मॅडम, एक पत्र हवं होतं

ऑक्टोबरातलं प्रॅक्टिकल संपलं, पोरं पांगली, आणि हा एकटाच प्रिझम पुसत रेंगाळला. ‘मॅडम, एक पत्र हवं होतं. अमेरिकेच्या कॉलेजांसाठी.’ वडलांचं शनिवार पेठेत झेरॉक्सचं दुकान, मुलगा बारावी सायन्सला.

पंचवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतेय. शिफारसपत्र मी डोळे मिटून लिहिते. कष्टाळू, आज्ञाधारक, वर्तणूक चांगली. शिक्का मारून पाकीट हातात ठेवलं. त्याने ते न उघडताच परत दिलं. पत्र शिक्षकाने थेट ऑनलाइन पाठवायचं, म्हणाला, आणि ते आपण बघणार नाही असं त्याने आधीच लिहून दिलं होतं.

‘कॉमन ॲप’ म्हणून एकच अर्ज असतो, हजारावर कॉलेजांना चालणारा. मुलाने ६५० शब्दांत स्वतःबद्दल लिहायचं, अभ्यासाबाहेरचे जास्तीत जास्त दहा उद्योग सांगायचे, प्रत्येकाचं वर्णन १५० अक्षरांत. (अक्षरांत, शब्दांत नव्हे!) शिक्षकाला पत्राशिवाय एक तक्ताही भरावा लागतो. बुद्धीची झेप, लेखन, प्रामाणिकपणा, इतरांबद्दलची कळकळ, अपयश आल्यावर कसा वागतो... पुढे रकाने: सरासरी, चांगला, वरच्या दहा टक्क्यांतला, पाच टक्क्यांतला, आणि सगळ्यात शेवटी ‘माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक’. सुरुवातीला आणखी एक रकाना आहे: सांगायला आधार नाही.

माझ्या वर्गात एकशेवीस मुलं. त्यातली निम्मी क्लासला जातात आणि इथे हजेरीपुरती येतात. हा मुलगा पहिल्या बाकावर बसायचा, युनिट टेस्टला पंचवीसपैकी तेवीस. मला एवढंच ठाऊक होतं. म्हणून त्याला चहाला बसवलं आणि विचारत गेले. सुट्टीत तो दुकानात बसतो. बिघडलेल्या झेरॉक्स मशीनचा ड्रम उघडून स्थिर विद्युत तिथेच शिकला. ते मी पत्रात लिहिलं. मार्क तिथे लागतातच. कोविडात सोडलेली एसएटीसारख्या प्रवेश परीक्षांची अट एमआयटीने २०२२ मध्ये परत आणली, हार्वर्ड, येल, डार्टमथनेही २०२४ मध्ये तेच जाहीर केलं. पण हार्वर्डला शंभरात जेमतेम चारांना प्रवेश मिळतो, आणि उत्तम मार्कांची मुलं त्याच्या कितीतरी पट असतात. मग माणूस बघतात.

हे काही आजचं नाही. १८८३ मध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला अर्ज लिहिला, तेव्हा आपण सगळ्या अटींत बसत नसू हे त्यांनी सरळ कबूल केलं होतं, आणि डॉक्टर कशासाठी व्हायचं तेही सांगितलं होतं. अठरा वर्षांच्या होत्या. प्रवेश मिळाला, १८८६ मध्ये पदवीही; पुढच्याच फेब्रुवारीत त्या इथे पुण्यात वारल्या.

अडतं पैशाशी. ‘मदत लागेल’ असं परदेशी विद्यार्थ्याने लिहिलं तरी निवड करताना ते मोजायचं नाही, असं धोरण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲम्हर्स्ट अशा मोजक्याच ठिकाणी आहे. बाकी बऱ्याच जागी मदतीचा आकडा मोठा तसा प्रवेश अवघड. गंमत अशी, की जिथे गरिबी आड येत नाही तिथेच गर्दी सगळ्यात जास्त. दुकानाचा हिशेब वहीत, तोही पेन्सिलीने. त्यावरून वडील उत्पन्नाचे फॉर्म भरत बसले होते.

बऱ्याच ठिकाणची मुदत १ जानेवारी, रात्री ११:५९, तीही अर्जदाराच्या घड्याळाप्रमाणे. एकतीस डिसेंबरला फर्ग्युसन रस्त्यावर पिपाण्या वाजत होत्या आणि हा मला फोनवर विचारत होता, ‘मॅडम, तुमचं सबमिट झालं ना?’ झालं होतं. तक्त्यातल्या ‘अपयश आल्यावर’पुढे मात्र मी ‘सांगायला आधार नाही’वर खूण केली होती. त्याला कुठे नापास होताना पाहिलं होतं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाचे पेपर झाले. मार्चअखेर अमेरिकेचे निकाल आले, तिकडे संध्याकाळचे सात, इथे पहाटेचे साडेचार. आठ ठिकाणी अर्ज होते. आठही नकार.

तिसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दारात उभा. हातात सीईटीचा जुना पेपर, एका गणिताभोवती लाल गोल. ‘मॅडम, हे उत्तर चुकीचं छापलंय असं मला वाटतं.’

खरंच चुकीचं छापलं होतं.