कानपिळीच्या वेळी कॅमेरा कुठे होता?

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम चांगला जाडजूड आहे. स्टेजवर येऊन आहेर दिलेल्या प्रत्येकाचा फोटो त्यात आहे. पंगतीत जिलबी वाढतानाचेच सतरा आहेत. पण लाजाहोमाच्या वेळी मी नव्या मेहुण्यांचा कान पिळला, मांडवात हशा पिकला आणि हसता हसता आईचे डोळे भरून आले, त्याचा एकही फोटो नाही. फोटोग्राफर जेवायला गेला होता. मी त्याला दोष देत नाही. पहाटेपासून उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी ‘आता दोन घास खाऊन घ्या’ म्हणालं. पुढे कानपिळी आहे, हे आम्ही कुणीच त्याला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर नात्यातल्या बऱ्याच लग्नांत फोटो-व्हिडिओची जबाबदारी मी मागून घेतली. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. फोटो कसे येणार हे महागड्या कॅमेऱ्यापेक्षा लग्नाआधी घरात झालेल्या बोलण्यावर ठरतं.

आधी गुरुजी, मग फोटोग्राफर

पहिला फोन गुरुजींना करावा. सीमांतपूजन आदल्या दिवशी की सकाळी, कन्यादान मंगलाष्टकांच्या आधी की नंतर, हे घराघरांत आणि प्रांताप्रांतात बदलतं. कोणता विधी कधी, कुठे आणि साधारण किती वेळ, हे एका कागदावर उतरवून फोटोग्राफरच्या हातात द्यावं.

आपल्या लग्नांत अक्षता पडल्या की गर्दी पंगतीकडे वळते आणि कॅमेराही तिच्या मागे जातो. मंगळसूत्र, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी हे सगळं मात्र बऱ्याचदा त्यानंतरच, मोजक्या माणसांत होतं. सप्तपदीला तर कायद्यानेही महत्त्व दिलं आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार, ज्या विवाहविधीत सप्तपदी असते तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणून होमाजवळचा कॅमेरा हलता कामा नये. दोन फोटोग्राफर असतील तर त्यांच्या जेवणाच्या वेळाही याच कागदावर लिहाव्यात: एक जेवेल तेव्हा दुसरा उभा असेल.

अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. एक कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर, दुसरा नवऱ्याच्या, आणि तिसरा थोडा उंचावर, अक्षतांचा वर्षाव टिपणारा. तिघांच्या जागा आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन ठरवाव्यात, म्हणजे पाहुण्यांना मंगलाष्टकांच्या वेळी फोटोग्राफरच्या पाठी पाहाव्या लागणार नाहीत. मोबाइल घेऊन पुढे सरकणाऱ्या उत्साही मंडळींना मामांनी माइकवरून आधीच प्रेमाने विनंती करावी.

उजेड

उन्हाचा रंग साधारण ५५०० केल्विनचा, तर पिवळ्या बल्बचा ३००० च्या आसपास. दोन्ही उजेड एकाच चेहऱ्यावर पडले की अर्धा गाल निळसर आणि अर्धा पिवळा दिसतो, आणि हे नंतर पूर्णपणे सुधारता येत नाही. म्हणून विधींच्या जागी एकाच रंगाचे दिवे ठेवायला डेकोरेटरला सांगावं. जांभळे-निळे फिरते दिवे संध्याकाळच्या स्वागतसमारंभात लावावेत.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की बहुतेक वेळा हा त्रास टळतो. जाणता व्हिडिओग्राफर हे न सांगता करतो, तरी कार्यालयातल्या दिव्यांखाली दोन मिनिटांची चाचणी घ्यायला सांगावी.

गोरज मुहूर्त असेल तर उजेड झपाट्याने उतरतो, म्हणून जोडीचे बाहेरचे फोटो सूर्यास्ताच्या आधीच उरकावेत. दुपारचा मुहूर्त उघड्या लॉनवर असेल तर डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली सावल्या पडतात. तिथे पांढऱ्या कापडाचं छत कामी येतं. फ्लॅश समोरून मारला तर पैठणीची जर पांढरीफटक दिसते. छत पांढरं आणि फार उंच नसेल तर तो छतावर मारून उजेड मऊ करता येतो. बाजूने काढलेल्या फोटोत मुंडावळ्या डोळ्यांवर येतात, म्हणून जवळचे फोटो शक्यतो समोरून घ्यावेत.

आवाज

चित्र नीट आणि आवाज गेलेला, असे लग्नाचे किती तरी व्हिडिओ घराघरांत आहेत. आत्याने खास रचलेली मंगलाष्टकं, नवरीचा उखाणा, पाठवणीच्या वेळी वडिलांचे दोन शब्द हे पुन्हा मिळत नाही. कॅमेऱ्यावरच्या माइकला वाजंत्री जास्त आणि माणूस कमी ऐकू येतो. कार्यालयाच्या ध्वनियंत्रणेतून थेट रेकॉर्डरमध्ये आवाज घ्यावा आणि गुरुजींच्या उपरण्याला छोटा माइक लावावा. खर्च फार नाही, आठवण मात्र अख्खी राहते.

माणसं

फोटोग्राफरला कला येते, पण खुर्चीत कोपऱ्यात बसलेल्या आजींनी नवरीला लहानाचं मोठं केलं, हे त्याला कसं कळावं? दोन्ही घरांतून सगळ्यांना ओळखणारा एकेक माणूस त्याच्यासोबत द्यावा. एकत्र फोटोंची यादी आधीच करावी. एका फोटोला तीन मिनिटं धरली तरी वीस फोटोंना तास लागतो. म्हाताऱ्या मंडळींचे फोटो आधी, मित्रमंडळींचे शेवटी.

कागद आणि प्रती

ठरलेलं सगळं लिहून घ्यावं: प्रत्यक्ष कोण येणार, किती तास, किती फोटो संपादित करून मिळणार, अल्बमची पानं किती, कधी मिळणार, कार्यक्रम पुढे ढकलला तर आगाऊ रकमेचं काय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा आणि फिल्मचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याचा असतो. म्हणून सही करण्याआधी करारात याविषयी काय लिहिलं आहे ते वाचावं. आपले फोटो जाहिरातीत वापरायचे की नाही, हेही तिथेच नोंदवावं. ड्रोन हवा असेल तर विमानतळाजवळच्या भागात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही, हे लक्षात ठेवावं.

दर सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने घेतलेल्या फोर-के व्हिडिओचा एक तास ४५ जीबी जागा खातो. त्यामुळे कार्डं आणि हार्ड डिस्क पुरेशी आहेत ना, हे विचारावं. एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारा कॅमेरा असेल तर उत्तम. नंतर तीन प्रती ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी. व्हीएचएस कॅसेटींना बुरशी लागून लग्नं पुसली गेलेली घरं मी पाहिली आहेत.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील. यंदा तुमच्या घरी कार्य असेल तर एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून एकच प्रश्न एकमेकांना विचारा: या दिवसातलं काय हरवलं तर आपल्याला आयुष्यभर रुखरुख लागेल? उत्तरं लिहून काढा आणि तो कागद फोटोग्राफरच्या हाती द्या. आमच्या घरी तो कागद नव्हता.