एसएसडीसाठी कंट्रोलरचा मोड : आयडीई, एएचसीआय की रेड? (लेखांक ५)

फ्लॅश पेशींत माहिती कशी टिकून राहते, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. मात्र त्या पेशींपासून बनलेली एसएसडी आपल्या पूर्ण क्षमतेने काम करील की नाही, हे मदरबोर्डवरील कंट्रोलर तिच्याशी कोणत्या पद्धतीने व्यवहार करतो यावरही अवलंबून असते. बायोसमध्ये ‘साटा मोड’ या नावाखाली आढळणारे आयडीई, एएचसीआय आणि रेड हे पर्याय म्हणजे या व्यवहाराच्याच तीन पद्धती होत.

आयडीई ही जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोयीसाठी राखलेली पद्धत असून तीत ड्राइव्हला एका वेळी एकच आज्ञा दिली जाते. इंटेलच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि २००४ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या एएचसीआय या प्रमाणकामुळे एनसीक्यू, म्हणजे ३२ आज्ञांपर्यंतची रांग ड्राइव्हकडेच सोपवण्याची सोय, वापरता येऊ लागली. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये या रांगेचा हेतू वाचनशीर्षाची ये-जा कमी करण्याचा होता. एसएसडीत असे शीर्षच नसले, तरी तिच्या अनेक फ्लॅश चिप एकाच वेळी काम करू शकत असल्याने तीच रांग त्या सर्वांना कामाला लावते, आणि आयडीई मोडमध्ये नेमका हाच लाभ हातचा जातो. म्हणून साटा जोडणीच्या एकट्या एसएसडीसाठी एएचसीआय हीच योग्य निवड ठरते. रेड मोड मुख्यतः अनेक ड्राइव्ह एकत्र बांधून त्यांवर माहितीची जुळी प्रत ठेवण्यासाठी किंवा ती विभागून लिहिण्यासाठी असल्याने एकट्या ड्राइव्हला त्याने वेग लाभत नाही.

ही निवड ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्यापूर्वीच करणे श्रेयस्कर असते, कारण विंडोज सुरू होताना आवश्यक तेवढेच ड्रायव्हर स्मृतीत आणते आणि मोड अचानक बदलल्यास तिला स्वतःचाच ड्राइव्ह न सापडून ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ या संदेशासह निळा पडदा दिसू शकतो. बदल अटळच असेल, तर माहितीची प्रत घेऊन आणि बिटलॉकर तात्पुरते थांबवून पुढचे बूट सेफ मोडमध्ये होईल अशी व्यवस्था करावी, त्याच रीस्टार्टच्या वेळी बायोसमध्ये एएचसीआय निवडावे आणि एकदा सेफ मोडमध्ये संगणक सुरू झाल्यावर ती व्यवस्था काढून टाकावी. विंडोज १० मध्ये या क्रमाने नवा ड्रायव्हर सहसा आपोआप जोडला जातो.

एनव्हीएमई ड्राइव्ह मात्र पीसीआय एक्सप्रेसवरून थेट प्रोसेसरशी किंवा चिपसेटशी बोलत असल्याने त्यांना एएचसीआयची गरज नसते. एम.टू हे केवळ आकाराचे नाव असून त्या आकारात साटा आणि एनव्हीएमई असे दोन्ही प्रकारचे ड्राइव्ह मिळतात, त्यामुळे खरेदीपूर्वी जोडणीचा प्रकार तपासणे अगत्याचे आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी ही सोय चालू असल्यास विंडोजच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई ड्राइव्ह दिसतच नाही. अशा वेळी ड्राइव्ह बिघडल्याचा निष्कर्ष न काढता इंटेलचा ड्रायव्हर पुरवावा किंवा, नव्याने विंडोज बसवायची असेल तर, व्हीएमडी बंद करावे. एनव्हीएमईच्या हजारो रांगांची रचना पुढील लेखांकात पाहू.