ज्वारीचे पेव

एखाद्या गोष्टीची अकस्मात रेलचेल झाली की तिचे 'पेव फुटले' असे मराठी मनुष्य सहज बोलून जातो. नाटकमंडळ्यांचे पेव फुटते, ज्योतिष्यांचे फुटते, वर्तमानपत्रांचेही फुटते. परंतु हा वाक्प्रचार ज्यांच्या जिभेवर आहे अशा शहरी घरांतून प्रत्यक्ष पेव पाहिलेला मनुष्य आज क्वचितच सापडेल. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले धान्याचे कोठार. ते उघडले की आतून ज्वारीची रासच्या रास बाहेर निघे, म्हणून विपुलतेला त्याचे नाव मिळाले.

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुने जालना व दुसऱ्या तीरावर नवीन जालना वसलेले आहे. या व्यापारी गावाच्या मोंढ्यात आज पोत्यांच्या थप्प्या दिसतात, त्या सर्व जमिनीच्या वर. पूर्वी मात्र भोवतालच्या खेड्यांतून वर्षाची बेगमी जमिनीखाली असे. त्याचे कारण मातीतच आहे. मराठवाड्यातला शेतकरी गावाचे दोन भाग करतो: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळी जमीन पाणी धरून ठेवते. हस्ताच्या पावसावर पेरलेला शाळू पुढे त्या साठवलेल्या ओलीवरच, हिवाळ्याच्या दहिवरात वाढतो. पण हीच माती भिजली की फुगते आणि वाळली की हातहात खोल भेगाळते. अशा भूमीत पेव टिकावे कसे? म्हणून धान्य काळीत पिकवावयाचे आणि पांढरीत किंवा घट्ट मुरमात पुरावयाचे, असा रिवाज पडला.

पेवाचा आकार रांजणासारखा असे. तोंड एक मनुष्य उतरेल इतकेच, आणि खाली पोट मोठे. खणून झाल्यावर ते वाळू देत, आतून शेणमातीने लिंपीत, आणि तळाशी व कडेने कडब्याचा जाड थर देत. खळ्यावर उन्हात खडखडीत वाळलेली ज्वारी त्यात ओतली की वर पुन्हा कडबा, त्यावर दगडी फरशी आणि फटींतून चिखलाचे लिंपण. बियाणे मात्र यात ठेवीत नसत. ते राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवीत. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची किंवा तुरीच्या काड्यांची विणलेली आणि बाहेरून लिंपलेली उंच कोठी. खावयाचे धान्य भुईत आणि पेरावयाचे घरात, ही वाटणी विचाराने केलेली होती. पेवातला दाणा खाण्यास उत्तम राहिला तरी त्याच्या उगवण्याचा भरवसा नसे.

बंद पेवात घडते ते असे. दाणा निर्जीव दिसला तरी तो मंद श्वास घेत असतो. त्याच्या संगतीने आत गेलेले सोंडकिडेही घेतात. कोंडलेल्या जागेतला प्राणवायू त्यामुळे हळूहळू संपतो आणि कर्बवायू, म्हणजे आजच्या पाठ्यपुस्तकातला कार्बन डायऑक्साइड, साचतो. किडे गुदमरून मरतात. औषध न घालता ज्वारी वर्षानुवर्षे टिके ती या योगाने. कडेची थोडी काळी पडे व तिला कुबट वास येई, तेवढी बाजूला काढून गुरांना घालीत.

पण जो वायू किड्याला मारतो तो माणसाची गय करीत नाही. कर्बवायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, तेव्हा तोंड उघडले तरी तो आपण होऊन बाहेर पडत नाही. पेवात उतरलेला मनुष्य एकाएकी कोसळे आणि त्याला काढण्यास धावलेला दुसराही त्याच्यावर पडे. घरातल्या एकाचा नव्हे, दोघातिघांचा जीव अशा वेळी जाई. म्हणून पेव उघडल्यावर ते पुष्कळ वेळ मोकळे टाकीत आणि दोरीने पेटता दिवा आत सोडून पाहत. दिवा विझला तर कोणी पाऊल टाकावयाचे नाही. ही परीक्षा शहाणपणाची खरी, पण पुरती नव्हे. हवेतला प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून सोळाच्या आसपास उतरला म्हणजे ज्योत विझते हे ठीक. परंतु ज्योत जळत असतानाही कर्बवायूचे प्रमाण माणसाला घातक होण्याइतके असू शकते. पेवे गेली, तरी जुन्या विहिरी आणि मैल्याच्या टाक्या याच रीतीने आजही माणसे घेतात.

इतक्या जोखमीने राखलेल्या धान्याची भाकरी करणे हीदेखील एक कलाच होय. गव्हातला चिकट अंश ज्वारीत नाही. त्यामुळे पीठ मळताना कढत पाणी घालावे लागते. त्याने पिठातले सत्त्व अर्धवट शिजून चिकटपणा येतो. पीठ ताजे दळलेले हवे. शिळ्या पिठाची विरी गेली की काठवटीत थापतानाच भाकरीच्या कडा फाटतात, आणि सुगरणीला बोल लागतो तो वास्तविक पिठाचा असतो. याच दाण्याचे कोवळेपण म्हणजे पौष-माघातला हुरडा. तेव्हा दाण्यातली साखर अजून पिठूळ झालेली नसते. शेतात आगटी पेटवावी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसे भाजावी, तळहातावर चोळावी आणि लसणीच्या चटणीबरोबर गरम गरम खावी, ही गंमत शहरात टोपलीने आणलेल्या हुरड्याला कोठून येणार!

धान्य राखण्याचा हाच प्रश्न थायलंडात, म्हणजे पूर्वीच्या सयामात, अगदी उलट रीतीने सुटला. तेथे नद्यांचे पूर भातशेतीवर पसरतात; भुईत पुरलेले धान्य एका पावसाळ्यात कुजेल. म्हणून तेथील खेडूत भाताचे कोठार लाकडी खांबांवर उचलून बांधतो. ईशान्य भागातला चिकट भात बांबूच्या विणलेल्या, झाकणाच्या करंडीत ठेवतात. वाफ विणीतून निघून जाते आणि भात मऊ राहतो. आपल्याकडे भाकरी दुरडीत ठेवण्यात हाच हेतू असतो. त्याहून नवलाचे असे की, तेथे भात पोटरीत आला म्हणजे मे फोसोप या धान्यदेवतेला गर्भवती मानून आंबट फळे, फणी, आरसा आणि पावडर अर्पण करतात. डोहाळजेवण ज्यांच्या घरी होते त्यांना हे परके वाटू नये.

पेवांचा ऱ्हास एका कारणाने झाला नाही. सुमारे १९०० साली मनमाड-हैदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला आणि धान्य घरी ठेवण्यापेक्षा विकणे सोयीचे झाले. काळीत कापसाने व पुढे सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. १९६४ साली पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. पण पावसाळ्यात पिकणाऱ्या ज्वारीचे कणीस भिजून काळे पडते, आणि तसले धान्य साठवणीस निरुपयोगीच. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने परदेशाहून आलेला तांबडा मिलो रांगेत उभे राहून घेतला. ज्या मुलखात पूर्वी दुष्काळी साली जुने पेव फोडीत, तेथे त्या वर्षी फोडावयास फारसे काही उरले नव्हते.

२०२४ साली जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. हा वाण जालन्याचाच, एवढे सरकारी दप्तरी नोंदले गेले. पेवाची नोंद मात्र तशी कोठे होण्याजोगी नाही. पांढरीत घराचा नवा पाया खणताना कधी कुदळ एकदम पोकळीत जाते, आणि मजूर हात थांबवून आधी वर येतो.