फुगीर टायरपासून पॉवर स्टीअरिंगपर्यंत

एटीव्हीची, म्हणजे ऑल-टेरेन व्हेइकलची, जाहिरात पाहताना नजर आधी जाते ती सीसी आणि हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर. पण मोंटानाच्या कुरणात कुंपणाच्या तारा तपासत फिरणारा पशुपालक असो, की न्यूझीलंडच्या उतारांवर मेंढ्या हाकणारा शेतकरी, त्याचा दिवस कसा जाणार हे मागचा ॲक्सल, शॉकअप आणि हँडल ठरवतात. संध्याकाळी खाली उतरताना कंबर धरून उतरायचं की सहज, हा त्यांचाच हिशेब. गेल्या पन्नासेक वर्षांत कामाची एटीव्ही या तीन बाबतींत कशी बदलत गेली आणि त्यातून चालवणाऱ्याच्या पदरात काय पडलं, याचा हा मागोवा.

सुरुवात १९७० ची. हिवाळ्यात मोटारसायकलींचा खप बसायचा, म्हणून होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांना त्या दिवसांत विकण्यासारखं काहीतरी हवं होतं. ओसामु ताकेउची यांच्या गटाने चाकांच्या निरनिराळ्या जुळण्या करून पाहिल्या आणि शेवटी तीन चाकांची एटीसी ९० बाजारात आली. तिला पुढे सस्पेन्शन नव्हतं आणि मागेही नव्हतं. सगळे गचके २२ इंची फुगीर टायरांनीच पचवायचे. त्यांत हवा जेमतेम दोन-अडीच पीएसआय. मोटारीच्या टायरमध्ये ती तीसच्या आसपास असते. बर्फ, वाळू, चिखल अशा मऊ जमिनीवर ही युक्ती छान चालली. पण टायर स्प्रिंगचं काम करतो, शॉकअपचं करू शकत नाही. दबलेली हवा तेवढ्याच जोराने उलटते आणि ती उसळी जिरवणारं तेल टायरात नसतं. वेग जरा वाढला की गाडी चेंडूसारखी टप्पे घेऊ लागायची.

१९८२ मध्ये होंडाची 'बिग रेड' आली. तिच्यावर सामान ठेवायला रॅक होते, आणि खेळण्याची गाडी कामाला लागली. पण ओझं आलं तशी तीन चाकांची उणीव उघडी पडली. मागचा ॲक्सल अखंड, त्यात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नाही, आणि वळवायला पुढे एकच चाक. अंग बरोबर झुकवल्याशिवाय गाडी वळत नसे, आणि झुकण्यात चूक झाली की उलटत असे. अपघात वाढत गेले. अखेर १९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाशी झालेल्या न्यायालयीन समझोत्यात कंपन्यांनी तीनचाकींची विक्री थांबवली.

तोवर चौथं चाक आलेलं होतं. सुझुकीची क्वाडरनर एलटी १२५ हे १९८३ चं मॉडेल. १९८५ मध्ये मिनेसोटातल्या रोझो गावच्या पोलारिसने ट्रेल बॉस काढली. स्नोमोबाइल बनवणाऱ्या या कंपनीने गिअर बदलण्याची कटकट ठेवली नाही आणि पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट दिले. १९८६ मध्ये होंडाची फोरट्रॅक्स ३५० आली, तीही फोर व्हील ड्राइव्हसह. चिखलात अडकून बसणं कमी झालं, पण हँडल जड झालं. एकाच्या जागी दोन रुंद टायर वळवायचे, शिवाय त्याच टायरांना इंजिन ओढत असणार. पुढचं चाक दगडावर आपटलं की तो झटका सरळ मनगटात आणि अंगठ्यात येई. एटीव्हीचा थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो, त्यामुळे हात सैल सोडण्याचीही सोय नव्हती.

मागच्या बाजूला मात्र बहुतेक गाड्यांवर अजून सॉलिड ॲक्सलच होता. त्याचं वागणं जवळून पाहण्यासारखं आहे. दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर आणि तो दांडा स्विंगआर्मला पक्का बसवलेला. स्विंगआर्म वर-खाली होतो, पण उजवी-डावीकडे कलू शकत नाही. डावं चाक वीतभर उंचीच्या दगडावर चढलं की दांडा तिरका होतो आणि त्याच्यासोबत गाडीचा सगळा मागचा भाग तिरका होतो. सीट उजवीकडे कलते, चालवणारा तोल सावरायला डावीकडे झुकतो, आणि चाक दगडावरून उतरलं की हेच उलट्या दिशेने. डोंगरातल्या पायवाटेवर हे दिवसभर चालतं. तिथे शॉकअपचं निम्मं काम माणसाची कंबर करत असते.

यावर उपाय म्हणजे मागची चाकं एकमेकांपासून मोकळी करणं. सुझुकीच्या किंगक्वाडने १९९१ मध्येच चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं होतं. पण बाजाराची दिशा बदलली ती १९९६ च्या पोलारिस स्पोर्ट्समन ५०० ने. आता डावं चाक दगडावर चढलं तरी उजवं जमिनीवरच राहायचं आणि सीट बरीच सपाट राहायची. शिवाय गाडीच्या पोटाखाली मधोमध लोंबणारं ॲक्सलचं धूड गेलं, त्यामुळे झाडाचे बुंधे आणि चाकोऱ्यांमधला उंचवटा अडकेनासा झाला. मग इतरांनाही मागे राहणं परवडेना. यामाहाच्या ग्रिझली ६६० ने २००२ मध्ये आणि होंडाच्या रिंकनने २००३ मध्ये तीच वाट धरली. २००३ मध्येच आलेल्या बॉम्बार्डिएच्या आउटलँडरने वेगळी रचना केली. तिचे मागचे आर्म बाजूला न पसरता पुढून मागे जात. त्यामुळे चाक वर-खाली होताना दोन चाकांमधलं अंतर बदलत नसे आणि टायरचा कोनही बदलत नसे.

असं असूनही सॉलिड ॲक्सल बाद झाला नाही, आणि त्याला कारण आहे. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते. मागच्या रॅकवर खताची पोती ठेवली की बसते, आणि बसली की जमिनीपासूनची उंची कमी होते. आडव्या उतारावर खालच्या बाजूच्या स्प्रिंग दबतात, तेव्हा गाडी उताराकडे आणखी झुकते. सॉलिड ॲक्सलचा जो ताठपणा दगडावर छळतो, तोच इथे आधार होतो. ॲक्सलची जमिनीपासूनची उंची ओझ्याने फारशी बदलत नाही, आणि झिजणारे सांधे व रबरी बूटही कमी. म्हणून होंडा आजही ५१८ सीसीचं तेच इंजिन दोन गाड्यांत देते. फोरमनला मागे सॉलिड ॲक्सल आहे, तर रुबिकॉनला स्वतंत्र सस्पेन्शन. इतर कंपन्यांनी कलणं आवरायला स्टॅबिलायझर बार बसवले. पोलारिसने २००९ च्या एक्सपी मालिकेत पुढचे स्ट्रट काढून दुहेरी ए-आर्म दिले.

स्टीअरिंगचा प्रश्न मात्र बराच काळ तसाच राहिला. पोलारिसचा टर्फ मोड ही त्यातली एक चांगली सोय. त्यात मागचा डिफरन्शियल मोकळा होतो, आतलं चाक हळू फिरू शकतं, गाडी कमी जागेत वळते आणि हिरवळ उकरली जात नाही. पण खरा फरक पडला २००७ मध्ये, यामाहाच्या ग्रिझली ७०० मुळे. एटीव्हीवर पहिल्यांदाच इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आलं. चालवणाऱ्याने हँडलवर किती जोर लावला हे स्टीअरिंगच्या दांड्यावरचा सेन्सर ओळखतो, गाडीचा वेगही विचारात घेतला जातो, आणि एक छोटी मोटर त्या प्रमाणात हातभार लावते. हळू चालताना मदत जास्त मिळते आणि वेगात ती कमी होते, म्हणजे हँडल उगाच हलकं वाटत नाही. उलट दिशेने, चाकाकडून हाताकडे येणारा झटकाही ही मोटर बराचसा जिरवते. दोन-तीन वर्षांत पोलारिस, होंडा, सुझुकी आणि कॅन-ॲम (बॉम्बार्डिएच्या गाड्यांचं पुढचं नाव) यांनीही आपल्या गाड्यांवर ही सोय दिली. कामाच्या एटीव्हीवर आजवर झालेल्या सुधारणांत मी हिला सर्वांत वरची जागा देतो. साठीतल्या शेतकऱ्याला डिफरन्शियल लॉक लावून, चिखलातून, संध्याकाळपर्यंत गाडी वळवता येते ती हिच्यामुळे.

या आरामाला चैन म्हणणाऱ्यांनी न्यूझीलंडकडे पाहावं. ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी क्वाडवर, म्हणजे चारचाकी एटीव्हीवर, काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या अंगात जाणारी कंपनं मोजली, आणि ती पुष्कळदा काळजी घेण्याच्या पातळीपलीकडे गेलेली आढळली. युरोपीय नियमांनुसार ही पातळी आठ तासांच्या कामासाठी ०.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतकी आहे. पाठीचं दुखणं एका दिवसात होत नाही. वर्षानुवर्षांच्या गचक्यांनी ते साचत जातं.

याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी. गाडी मऊ झाली की वेग वाढतो, आणि उतार आहे त्यापेक्षा सोपा वाटू लागतो. ऑस्ट्रेलियाने उलटून होणाऱ्या मृत्यूंची दखल घेत ऑक्टोबर २०२१ पासून नव्या कामाच्या क्वाडवर चालकाला वाचवणारी चौकट आणि स्थिरतेच्या किमान कसोट्या बंधनकारक केल्या. या नियमांवरून झालेल्या वादात होंडा आणि यामाहा यांनी तिथल्या क्वाड-विक्रीतून माघार घेतली. सस्पेन्शन कितीही चांगलं असलं तरी उंच आणि अरुंद गाडीचा गुरुत्वमध्य ते खाली आणू शकत नाही.

आपल्याकडे लोणावळा-पाचगणीला भाड्याने मिळणाऱ्या छोट्या एटीव्ही बहुतेक सॉलिड ॲक्सलवाल्याच असतात, आणि पाच मिनिटांच्या फेरीवरून अनेकांचं या वाहनाबद्दलचं मत बनतं. त्यावरून कामाच्या एटीव्हीची परीक्षा करू नये. शेतासाठी, बागेसाठी किंवा वनखात्याच्या गस्तीसाठी गाडी घ्यायची असेल तर रिकामी चालवून निर्णय घेऊ नका. रॅकवर नेहमीचं ओझं ठेवा, फोर व्हील ड्राइव्ह लावा, हँडल पुरतं वळवून पाहा, सौम्य आडव्या उतारावर ती किती कलते ते बघा. टायरमधली हवा आणि स्प्रिंगचा प्रीलोड पुस्तिकेप्रमाणे करून घ्या, कारण या दोन गोष्टी चुकल्या तर महागडं सस्पेन्शनही वाया जातं. लांबची आणि दगडाधोंड्यांची वाट असेल तर मागे स्वतंत्र सस्पेन्शन घ्या. ओझं, ट्रॉली आणि आडवे उतार रोजचे असतील तर सॉलिड ॲक्सलला कमी लेखू नका. पॉवर स्टीअरिंग मात्र दोन्हीकडे घ्या. पैसे कमी पडत असतील तर लहान इंजिनावर समाधान माना, पण पॉवर स्टीअरिंगवर काटकसर करू नका.