मोड आलेली नाचणी आणि बिनमोडाचे ओट्स

जनाबियात राहणाऱ्यांना टेकाडांचे नवल उरत नाही. इ. स. पूर्व २२०० ते १७५० या काळातील दिलमुनच्या दफनटेकड्यांचे एक मैदान येथेही आहे, आणि २०१९ साली आलीच्या टेकड्यांबरोबर त्याचीही युनेस्कोने जागतिक वारशात नोंद केली. दिलमुन म्हणजेच आपले बहरैन असे संशोधक मानतात. दिलमुनात घडणारी एक सुमेरी कथा आहे. तीत आजारी पडलेल्या एन्की देवाच्या दुखऱ्या तोंडासाठी निन्कासी जन्मते, आणि ही निन्कासी बिअरची देवता! धान्य भिजवून आंबवण्याशी या बेटाचे नाते असे जुने आहे.

घरी बिअर करण्याच्या वाटेला आम्ही जात नाही व वाचकांनीही जाऊ नये. परंतु परदेशी ज्यांना मुभा आहे ते हौशी लोक बिअरमध्ये ओट्स, तांदूळ, कच्चा गहू घालतात, त्यामागचे शास्त्र आपल्या चुलीच्याही कामाचे आहे.

बिअरचा पाया म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, ज्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात स्टार्चची साखर करणारे पाचक द्रव्य तयार होते. बिनमोडाच्या धान्यात ते पुरेसे नसते, म्हणून नुसते ओट्स कितीही शिजवले तरी खळच होते. माल्टबरोबर ६५ अंशांच्या आसपास तासभर ठेवले, की माल्टमधील द्रव्य ओट्सच्याही स्टार्चची साखर करते. थोरल्या भावाने धाकट्याचेही ओझे उचलावे तसे. तांदूळ मात्र आधी वेगळा शिजवावा लागतो, कारण त्याचा स्टार्च फुलायला जास्त उष्णता लागते. बाजारचे चपटे ओट्स वाफवूनच लाटलेले असतात, तेव्हा त्यांना ती खटपट नको. ओट्सने बिअरला मऊपणा येतो. ते जास्त झाले तर त्यांतल्या चिकट तंतूंमुळे गाळणे तुंबते, म्हणून बहुधा दहा टक्क्यांच्या आसपासच घालतात.

हे आम्हांला पटले ते आमच्याच फजितीतून. घरातल्या आजींना डॉक्टरांनी ओट्स सांगितले. आम्ही हौसेने ओट्सच्या पिठाची आंबील केली: ताकात कालवून रात्रभर ठेवले, सकाळी शिजवले. आंबील कसली, चिकट लापशीच झाली ती! आजींनी एक घोट घेऊन वाटी सरकवली. "बाई गं, ही आंबील आहे की पोस्टर चिकटवायची खळ?" त्या कोल्हापूरच्या. रेणुकेच्या आंबील यात्रेच्या आठवणी त्यांच्याजवळ आहेत, तेव्हा त्यांना फसवणे सोपे नाही. आणि खाणे आधीच कमी झालेले, त्यामुळे ती सरकवलेली वाटी आम्हांला फार लागली.

उपाय निघाला तो नाचणीत. नाचणी रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस मोड आणावेत, वाळवून दळावी. सत्त्वासाठी आपण ती भाजतो, पण येथे भाजू नये, कारण भाजल्याने ते पाचक द्रव्य मरते. शिजलेली लापशी बोट सोसेल इतकी निवली की हे पीठ चमचाभर घालून ढवळावे. पाहता पाहता ती पातळ होते! मग पुन्हा एक उकळी द्यावी, कारण मोडाचे पीठ कच्चे पोटात जाऊ नये. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात याच युक्तीचा लहान मुलांच्या आहारासाठी अभ्यास झाला. पाणी न वाढवता लापशी पातळ होते, म्हणून इवल्याशा पोटात जास्त धान्य जाते. कुपोषणाच्या प्रश्नात ही गोष्ट लहान नव्हे.

आंबवण्याबाबत एक सूचना. येथल्या उन्हाळ्यात ताकातले पीठ रात्रभर बाहेर ठेवू नका, चार-पाच तासांतच आंबट होते. वातानुकूलित खोलीत रात्र चालते.

परवा आजींनी दुसरी वाटी मागितली. मीठ मात्र कमी आहे म्हणाल्या.