बिल कुणाच्या नावावर?

डिचोली तालुक्यातल्या साळ गावात 108 फिरवा, गोव्याची रुग्णवाहिका येते. तिथून थोडं पुढे जा, दोडामार्गच्या बाजारात उभे राहा आणि तोच 108 फिरवा. आता येते ती महाराष्ट्राची! आकडा तोच, बोली तीच, आजारही तोच. मध्ये समुद्र नाही, वाळवंट नाही. आहे ती नकाशावरची एक रेघ आणि रस्त्यावरचा एक तपासणी नाका.

आता समजा, दोन सख्ख्या बहिणी आहेत. एक साळला दिली, दुसरी दोडामार्गला. दोघींचंही पोट एकाच आठवड्यात दुखायला लागलं आणि दोघींनाही बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, नेलं. खाटा शेजारी शेजारी, डॉक्टर एकच, सलाइनची बाटलीही एकाच खोक्यातली. 2017 साली दोघी बिल न भरता घरी गेल्या असत्या. 2018 साली मात्र एकीच्या हातात फक्त औषधाची चिठ्ठी, आणि दुसरीच्या हातात चिठ्ठीबरोबर बिलही.

असं का झालं? या साध्या प्रश्नाचं बोट धरून चालायला लागलात की वाट थेट वॉशिंग्टनपर्यंत जाते. अमेरिकेने ज्या भांडणात शंभर वर्षं घालवली, मैत्री मोडली, सभा उधळल्या, ते भांडण आपल्या पेडण्या-डिचोलीच्या वेशीवरही झालं. त्याचं पुढे जे झालं ते मात्र फार वेगळं आहे.

आधी ती रेघ पाहू. अठराव्या शतकात पेडणे आणि डिचोली सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखात होती. 1780च्या दशकात डिचोली आणि मग पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं. त्यांच्या ‘नव्या काबिजादीं’तलाच हा भाग. सावंतवाडी पोर्तुगीज राज्याबाहेरच राहिली. म्हणजे राजेरजवाड्यांच्या लढायांत आणि तहांत जी हद्द पडली, तीच आज रुग्णवाहिकेची दिशा ठरवते!

ही रेघ एकदा पुसली जाता जाता राहिली. 16 जानेवारी 1967. गोव्यात जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फुलावर शिक्का, वेगळं राहायचं असेल तर दोन पानांवर. वातावरण किती तापलं होतं हे जुन्या लोकांना विचारा. एकाच घरात दोन पक्ष पडले होते. निकाल लागला: दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170. फरक 34,021 मतांचा. पेडणे आणि डिचोलीचा कौल तर विलीनीकरणाच्याच बाजूने होता. आता गंमत बघा. आणखी 17,011 माणसांनी पानांऐवजी फूल निवडलं असतं, तर पेडण्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका राहिला नसता, साळ आणि दोडामार्ग एकाच राज्यात असते आणि त्या दोन बहिणींचं बिलही एकच असतं.

रेघ इतकी महत्त्वाची का ठरते? कारण आरोग्याचा खर्च हा मुळात जत्रेच्या वर्गणीसारखा असतो. वाड्यावरचं प्रत्येक घर थोडं थोडं काढतं. महाप्रसादाला कोण किती जेवला याचा हिशेब कुणी ठेवत नाही. एकट्याच्या खिशाला न परवडणारी गोष्ट शंभर घरांना सहज जमते. हृदयाची शस्त्रक्रिया यंदा कुणाच्या वाट्याला येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, पण हजारात साधारण किती जणांना लागेल याचा अंदाज मात्र बांधता येतो. एका माणसाचं नशीब अगम्य आणि हजार माणसांचं जवळजवळ ठरलेलं! विमा असो, कर असो की सरकारी इस्पितळ, सगळ्यांची ताकद ह्या एका चमत्कारात आहे. फक्त एका प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं लागतं: वर्गणीच्या यादीत कुणाकुणाचं नाव?

अमेरिकेत ही यादी कशी तयार झाली ते ऐकून थक्क व्हायला होतं. 1929 साली टेक्सासमधल्या डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या इस्पितळाने शाळामास्तरांसाठी एक योजना काढली. महिन्याला अर्धा डॉलर भरा, वर्षाला 21 दिवस इस्पितळात मोफत राहा. त्या छोट्या रोपाचा पुढे वृक्ष झाला. मग आलं दुसरं महायुद्ध. 1942 साली महागाई रोखण्यासाठी सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली. कारखान्यांना कामगार हवे होते, पगार वाढवता येत नव्हता. मग त्यांनी पगारवाढीऐवजी आरोग्यविमा देऊ केला. पुढे त्या विम्यावर करसवलत मिळाली आणि नोकरी व विमा यांची गाठ पक्की बसली. कुठल्याही पक्षाने किंवा पंडिताने ही व्यवस्था आखलेली नव्हती. युद्धकाळातली एक पळवाट होती, आणि आज कोट्यवधी अमेरिकनांचा विमा तिच्यावर उभा आहे! नोकरी गेली की विमाही जातो, तो त्यामुळेच.

ज्यांना अशी नोकरी नव्हती त्यांचं काय? नोव्हेंबर 1945मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सगळ्यांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला. डॉक्टरांच्या संघटनेने त्याच्यावर ‘समाजवादी वैद्यक’ असा शिक्का मारला आणि प्रस्ताव बारगळला. 1961 साली म्हाताऱ्यांसाठी सरकारी विम्याची चर्चा तापली, तेव्हा त्याच संघटनेने विरोधासाठी ग्रामोफोनची तबकडी काढली. घरोघरी बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, तबकडी लावायची आणि सगळ्यांनी मिळून खासदारांना पत्रं लिहायची. तबकडीवरचा आवाज होता एका सिनेनटाचा, रोनाल्ड रेगन यांचा. तो नट पुढे राष्ट्राध्यक्ष झाला! आणि ज्या योजनेविरुद्ध ती तबकडी होती ती ‘मेडिकेअर’ 30 जुलै 1965 रोजी कायदा झाली. आज तिला हात लावायचा म्हटलं तर दोन्ही पक्षांचे पुढारी दहादा विचार करतात.

याहून मोठं नवल पुढे आहे. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, ही सक्ती 1989 साली सुचवली ती हेरिटेज फाउंडेशन नावाच्या उजव्या विचारांच्या संस्थेने. 2006 साली मॅसॅच्युसेट्स राज्यात ती अमलात आणली रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी. मग तीच कल्पना डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी उचलली, आणि ती एका रात्रीत ‘डावी’ झाली. कागदावर फरक थोडाच होता. फरक पडला होता तो ती मांडणाऱ्या माणसात.

2009च्या ऑगस्टमध्ये खासदारांच्या जाहीर सभांत लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. म्हाताऱ्यांना जगवायचं की मारायचं हे सरकारी समित्या ठरवणार, अशी हूल उठली. विधेयकात खरं काय होतं? अखेरच्या आजारपणात कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, याबद्दल रुग्णाला स्वतःहून डॉक्टरांशी बोलायचं असेल तर त्या भेटीची फी विम्यातून मिळेल, एवढंच कलम. त्याची झाली ‘मृत्यूची समिती’! मार्च 2010मध्ये कायदा झाला तो 219 विरुद्ध 212 मतांनी, आणि त्या 219त रिपब्लिकन पक्षाचा एकही सदस्य नव्हता. 28 जुलै 2017च्या पहाटे तो रद्द करण्याचा प्रयत्न फसला; स्वतःच्याच पक्षाविरुद्ध निर्णायक मत दिलं ते मेंदूच्या कर्करोगाचं निदान नुकतंच झालेल्या रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी. आणि 4 डिसेंबर 2024 रोजी न्यूयॉर्कमध्ये एका बलाढ्य आरोग्यविमा कंपनीच्या प्रमुखाला रस्त्यात गोळ्या घालून मारलं गेलं, तेव्हा कित्येकांनी उघडपणे समाधान व्यक्त केलं. बिलावरून सुरू झालेला वाद माणूस मारण्यापर्यंत आणि त्यावर टाळ्या पिटण्यापर्यंत गेला होता.

आता परत गोव्यात या. 2016 साली गोव्याने दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली. उत्पन्नाची अट नाही. श्रीमंत, गरीब, सगळ्यांना खुली. मुख्य अट: किमान पाच वर्षं गोव्यात वास्तव्य. सुरुवातीला तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण, त्याहून मोठ्याला चार लाखांचं. जे अमेरिकेला अजून साधलेलं नाही ते, निदान तत्त्व म्हणून, एका चिमुकल्या राज्याने मान्य केलं, आणि सभा उधळल्या गेल्या नाहीत! मुख्यमंत्री होते लक्ष्मीकांत पार्सेकर, पेडणे तालुक्यातल्या हरमलचे.

पण वर्गणीची यादी लिहिली की यादीबाहेरचे कोण हेही ठरतं. गोमेकॉत खाटा कमी पडत होत्या, शेजारच्या राज्यांतून रुग्णांची रीघ होती. 1 जानेवारी 2018पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना उपचारांचं शुल्क लागू झालं. गोव्याच्या बाजूचं म्हणणं सरळ होतं: इस्पितळ आमच्या करातून चालतं. दोडामार्गच्या बाजूचं म्हणणंही तितकंच सरळ होतं: आम्हाला आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या ओरोसच्या इस्पितळापेक्षा बांबोळी जवळ, आमची सोयरीक तिकडे, रोजची मजुरी तिकडे, मग आजारी पडलो की परके कसे? मार्च 2018मध्ये दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. तालुकाच गोव्याला जोडा, अशी मागणीही पुढे आली. 1967मध्ये रेघेच्या ह्या बाजूचे लोक महाराष्ट्रात जायचं म्हणत होते. एकावन्न वर्षांनी त्या बाजूचे लोक गोव्यात यायचं म्हणू लागले!

भडका उडायला एवढं पुरेसं होतं. ‘भायले’ आणि ‘आमचे’ हे शब्द वापरायला सोपे असतात. पण तोडगा निघाला तो अगदी कारकुनी थाटाचा. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना गोमेकॉत लागू करायची. सिंधुदुर्गातला रुग्ण आला की पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड दाखवायचं, आरोग्यमित्राने कागद तपासायचे, आणि योजनेत बसणाऱ्या उपचारांचे पैसे महाराष्ट्राच्या योजनेतून गोव्याच्या इस्पितळाला मिळायचे. रेघ जागच्या जागी राहिली. माणूस रेघ ओलांडून आला, आणि त्याचं बिल रेघ ओलांडून परत गेलं.

यात अडचणी नाहीत असं नाही. यादीत नसलेले उपचार असतात, कागद अपुरे पडतात. तरी ह्या तोडग्यातली हुशारी पाहा. ‘तू कोण?’ हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि ‘बिल कुणाच्या नावावर?’ एवढंच विचारलं. बिलाच्या भांडणाला आकडे असतात, आणि आकड्यांत तडजोड होते. ओळखीच्या भांडणात कमी-जास्त काही नसतंच. तिथे अर्धा मुद्दा सोडणं म्हणजे अर्धं स्वतःला सोडणं. अमेरिकेने बिलाचा प्रश्न ओळखीच्या भांड्यात ओतला, म्हणून रॉम्नींची कल्पना ओबामांच्या हाती येताच रॉम्नींच्याच पक्षाला विषारी वाटली.

पेडण्यात आज ह्याची परीक्षा आहे. तुये गावातलं 100 खाटांचं इस्पितळ इमारत उभी राहूनही वर्षानुवर्षं रखडलं, आणि ते गोमेकॉशी जोडा म्हणून लोकांनी आवाज उठवला. उठवलाच पाहिजे. खाटा किती, तज्ज्ञ कोणते, रात्री डॉक्टर असणार का, खर्च कुणाचा, हे खणखणीत विचारायला हवं. आणि उद्या त्याच तुयेच्या दारात रेघेपलीकडच्या सातार्डा-आरोंद्याचा रुग्ण आला, तर त्याचं गाव विचारायचं ते बिल कुठे पाठवायचं हे ठरवण्यापुरतंच.