आबासाहेबांची गादी आणि ओझाकींचा मतदारसंघ

सांगोल्यात 2024 च्या विधानसभा निवडणुकीत डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापू पाटलांचा पराभव केल्याची वार्ता इचोड्यासारख्या, 1956 च्या प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा पलीकडे गेले असता तेलुगू मुलखात राहून गेलेल्या, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरील आमच्या गावीही एव्हाना पोहोचली आहे. परंतु विजयी नातवापेक्षा आजोबा गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख यांच्याच नामस्मरणाने रकाने भरलेले पाहून, दीर्घ कारकीर्द म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

विक्रमाचा हिशेब तपासून घेतलेला बरा. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव सांगोल्यातून 11 वेळा निवडून आले, हे खरे, पण केरळचे के. एम. मणी आणि तामिळनाडूचे एम. करुणानिधी हे प्रत्येकी 13 वेळा विजयी झाले होते. 1962 ते 2019 या काळातून 1972 चा आणि 1995 चा पराभव वजा केला, तर प्रत्यक्ष आमदारकी सुमारे 50 वर्षांची भरते. 1972 नंतर दोनच वर्षांनी पोटनिवडणुकीने त्यांना परत आणले. 1995 साली मात्र याच शहाजीबापूंनी त्यांना केवळ 192 मतांनी मागे सारले. ‘काय झाडी, काय डोंगर’ या दूरध्वनी-संभाषणाने पुढे प्रसिद्धी पावलेल्या बापूंची ही जुनी करामत आज कोणी आठवत नाही.

या बाबतीत जगातील एखादा मानकरी शोधायचा तर तो जपानात सापडतो. युकिओ ओझाकी 1890 च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत निवडून आले आणि ती धरून एकूण 25 निवडणुका जिंकत 63 वर्षे प्रतिनिधिगृहात राहिले. टोकियोचे महापौर असताना वॉशिंग्टनला चेरीची सुमारे 3,000 रोपे धाडणारे गृहस्थ म्हणून त्यांचे नाव पर्यटकांस ठाऊक असते. माझ्या लेखी मात्र त्यांचे मोठेपण निराळे आहे. जपानात प्रजासत्ताक आलेच, तर धनाढ्य घराण्यांचाच अध्यक्ष होईल, अशा आशयाचे भाषण केल्यामुळे 1898 साली शिक्षणमंत्रिपद गमावणारा, 1913 साली कात्सुरा मंत्रिमंडळाच्या विरोधात उभा ठाकणारा आणि ऐन महायुद्धात, 1942 साली, सरकारी शिफारशीवाचून निवडून येऊन सम्राटाच्या अवमानाच्या खटल्याला तोंड देणारा मनुष्य मतदारांनी इतका काळ का सांभाळला असावा? सत्तेशी फटकून राहण्याची सोय त्याच्या मतदारसंघाने त्याला दिली होती, एवढेच मला उत्तर दिसते. 1953 साली, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांनाही पराभव चाखावा लागला.

त्यानंतरचा जपान मात्र वेगळा आहे. तेथे उमेदवाराची समर्थक-संघटना ही जणू वडिलोपार्जित इनामजमीन असावी, तशी पित्याकडून पुत्राकडे जाते. शिंझो आबे हे किशी पंतप्रधानांचे नातू, तर शिंजिरो कोइझुमी घराण्याच्या चौथ्या पिढीचे. साम्यवादी विचारांची भाषा बोलणाऱ्या पक्षातही सांगोल्याची जागा आजोबांकडून नातवाकडे जावी, यात मला तरी गंमत वाटते. 2019 साली दुसरा नातू अनिकेत देशमुख पडला, ही गोष्ट तेवढी मतदारांच्या बाजूने नोंदवावी. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील पुढारीमंडळींना या वारसापद्धतीचे वावडे आहे, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

गणपतराव 1978 आणि 1999 च्या मंत्रिमंडळांत होते, एसटीने प्रवास करीत, हे सर्वश्रुत आहे. आम्हा आदिलाबादकरांस त्यांची सूतगिरणी अधिक विचारात पाडते. कापसाचा पट्टा नसलेल्या त्या अवर्षणग्रस्त तालुक्यात त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभारून चालविली. आमच्या काळ्या जमिनीवर मात्र कापसाचे डोंगर उभे राहतात, जिनिंगमध्ये सरकी निराळी होते आणि गाठी बांधून मालमोटारी हमरस्त्याने परमुलखी निघून जातात. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात गणपतराव निवर्तले. आता नातवाने ती गिरणी कशी चालते, हे एकदा जातीने पाहून यावे, आणि जमल्यास आमच्याकडच्या एखाद्या आमदारासही सोबत न्यावे.